पहूरचा मूठभर कापूस

सुनंदाबाईंची लक्षवात, म्हणजे देवाला लाख वाती वाहायचा नेम, एकदा शेळीनं मोडली होती. चाळीस हजार वाती झाल्या असताना शेजारच्या शेळीनं परडीत तोंड घातलं, आणि सुनंदाबाईंच्या तोंडून तिला हाकलायला दोन शब्द निघून गेले. नेमच तसा होता. रोजच्या तीनशे वातींना हात घातला, की तीनशेवी वळून होईतो बोलायचं नाही. खूणसुद्धा करायची नाही, कारण खूण म्हणजे हाताचं बोलणं. बोललं, की मागचं सगळं गेलं, पुन्हा पहिलीपासून. नवस बोलले होते यजमान, आजारपणात. ते गेले आणि नवस मागं राहिला. त्या दिवशी सुनंदाबाईंनी शेळीला भाकरी घातली आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पहिली वात वळली.

चौपन्न सालच्या मार्गशीर्षात आकडा शहाण्णव हजारांवर आला होता. चौदा दिवस उरले होते.

महादेवाचं देऊळ नशिराबादच्या मोटारथांब्यालाच लागून. समोर मांगीलालशेठची कापसाची पेढी. गावातल्या व्यापाऱ्यांची एक जुनी रीत होती. नव्या गावचा नमुना आणला, की पेढीत पाय टाकण्याआधी त्यातला मूठभर कापूस देवाच्या परडीत टाकायचा. त्याच कापसाच्या सुनंदाबाई वाती वळत. कोणत्या शिवारातला कापूस आहे, हे त्यांच्या बोटांना कळे.

त्या दिवशी बाराच्या सुमाराला त्या ओट्यावर बसल्या आणि परडीत हात घालताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. वरच मूठभर कवडी होती, हलक्यातला हलका कापूस. पिवळी पडलेली, किडक्या बोंडातली, पाल्याचा चुरा अडकलेली. नशिराबादच्या शिवारात यंदा कापूस कसा दुधासारखा होता. देवाला असली कवडी वाहिली तरी कोणी? त्यांनी ती ताम्हणाच्या कडेला सारून ठेवली आणि पहिली वात वळायला घेतली.

शंभर होतात न होतात, तोच पेढीतून गडी मगन बाहेर धावला. "शेठ गेले. बसल्या जागी गेले."

गावात कोणी गेलं, की तोंडात तुळस आणि गंगाजळ घालायला सुनंदाबाईंनाच बोलावणं येई. त्या परडी झाकून तशाच न बोलता गेल्या. मांगीलालशेठ लोडाला टेकून होते. डोळे उघडे. समोर कढीची अर्धी वाटी. तुळशीचं पान ठेवायला सुनंदाबाईंनी ओठ जरा विलग केले, आणि दातांच्या फटीत त्यांना कापसाचा एक पुंजका दिसला. पिवळा. चुऱ्याचा.

त्यांनी पान वरून ठेवलं. पुंजका तिथंच राहू दिला.

हवालदार तोताराम, गावचाच जावई, कढीच्या वाटीचा वास घेत होता. "आक्का, तुम्ही तर समोरच बसता. आत कोणी गेलं का? हो का नाही, एवढंच सांगा." मगननं त्याला कोपरानं ढोसलं. "नेम चालू शे त्यांचा." तोताराम म्हणाला, "मग मान हलवा." सुनंदाबाईंनी मानही हलवली नाही. "बरं," तो हताशपणे म्हणाला, "अख्ख्या गावात पाहणारी एक, आणि ती ही."

त्या पुन्हा ओट्यावर येऊन बसल्या. बोटं वळत होती, पण मन वातीवर नव्हतं.

दोनच्या मोटारीनं जळगावहून फौजदार उतरले. त्यांच्या मागून शेठचा पुतण्या रुपचंद. तो आदल्या दिवशी पहूरला नमुना आणायला गेला होता. बातमी कळताच तो थांब्यावरच बसला आणि त्यानं ऊर बडवला. खांद्यावरची नमुन्याची थैली घसरली. तिच्या तोंडातून कापूस बाहेर आला आणि वाऱ्यानं ओट्याच्या पायरीपर्यंत घरंगळला.

पिवळा. चुऱ्याचा.

सुनंदाबाईंच्या हातातली वात थांबली. पहूरचा कापूस हा, आणि आत्ता कुठं मोटारीतून उतरतोय. मग बाराला तो परडीत कसा होता? शेठच्या दातांत कसा होता?

फौजदारांना घाई होती. घरात एकटी स्वयंपाकीण बेबाबाई, कढी तिच्या हातची, वाटी अर्धी. रुपचंदनं डोळे पुशीत सांगितलं, की काका परवा बेबाबाईवर रागावले होते, तिला काढून टाकणार होते. काका सोमवारी मारवाडातल्या भावकीतला एकजण दत्तक घेणार होते आणि पेढी त्याच्या हाती जाणार होती, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. गावाला ते ठाऊक होतं, पण फौजदारांनी गावाला विचारलंच नाही.

"बाईला तीनच्या मोटारीनं जळगावला न्या. प्रेत बैलगाडीत, मागून."

एकशे बावन्न. एकशे त्रेपन्न. सुनंदाबाईंनी आयुष्यात इतक्या वेगानं वाती वळल्या नव्हत्या. तरी तीनपर्यंत तीनशे होणं शक्य नव्हतं.

ओट्यावर सावली पडली. रुपचंद देवाला नमस्कार करायला आला होता. वाकलेला असतानाच त्याची नजर ताम्हणाशी गेली आणि तिथंच राहिली. तो हळूच बसला.

"आक्का, ही कवडी देवाला नाही चालत. द्या, मी टाकून देतो."

त्याचा हात पुढे आला. सुनंदाबाईंनी ताम्हण उचलून त्या पुंजक्यावर पालथं घातलं, वर आपला तळवा ठेवला आणि दुसऱ्या हातानं वात मांडीवर वळत राहिल्या. थांब्यावर माणसं होती. रुपचंदनं मागं पाहिलं.

"शहाण्णव हजार झाल्या म्हणे," तो अगदी मायेनं बोलला. "बोलू नका हं. एवढ्याशासाठी मोडू नका. यजमानांचा नवस तो. त्यांचा आत्मा तळमळेल."

तो उठून गेला. पण लांब गेला नाही, पायरीशीच उभा राहिला.

मोटार आली. तोताराम बेबाबाईला दंडाला धरून घेऊन निघाला. ओट्यासमोरून जाताना ती थबकली. "आक्का, मी कढीमा काही टाकं नही. आनि घर चुल्हावर दूध शे, तेवढं उतारी ल्या. उतू जाई."

तोतारामनं तिला मोटारीत चढवलं. फाशीची वाट धरलेली बाई, आणि तिला दुधाची काळजी. सुनंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एकशे नव्वद झाल्या होत्या. शहाण्णव हजार एकशे नव्वद. त्यांनी गाभाऱ्याकडे पाहिलं. महादेव काही बोलला नाही. त्याचाही नेम असावा.

त्यांनी हातातली वात अर्धवट खाली ठेवली.

"बेबाबाईला उतरवा."

कोणी ऐकलंच नाही. मोटारीचं यंत्र घरघरत होतं आणि सुनंदाबाईंचा आवाज मुळात देवघरातला. नेम मोडला, आणि तोही फुकट. त्या कवडी मुठीत घेऊन पायऱ्या उतरल्या, मोटारीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि तेच, तेवढ्याच हळू आवाजात पुन्हा म्हणाल्या. ड्रायव्हरनं घाबरून यंत्र बंद केलं. तोताराम पुटपुटला, "आक्का बोलल्या."

"साहेब, ही पहूरची कवडी," त्यांनी मूठ उघडली. "आज बाराला मी बसले तेव्हा देवाच्या परडीत होती. शेठच्या दातांत हीच आहे, तुळशीच्या पानाखाली. पाहून घ्या."

रुपचंद हसायला गेला. "कापूस काय, गावभर कापूसच आहे."

"कापूस आहे, भाऊ. कवडी नाही. तुमची थैली उघडा, साहेब जुळवून बघतील. तुम्ही आलात दोनच्या मोटारीनं. मग तुमचा कापूस तुमच्याआधी कसा आला?"

तोताराम प्रेत ठेवलेल्या बैलगाडीवर चढला. गाडीतून त्याचा आवाज आला, "आहे, साहेब. पिवळी आहे." फौजदारांनी थैली मागितली. तिच्या एका अंगाला कढीचा सुकलेला डाग होता.

रुपचंद आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. सकाळच्या मोटारीनं गुपचूप यायचं, मागच्या दारानं आत जाऊन काकांच्या तोंडावर थैली दाबायची, शेतातून जळगावच्या बाजूच्या अलीकडच्या थांब्याला जाऊन दोनच्या मोटारीत बसायचं, सगळं त्यानं नीट ठरवलं होतं.

"परडीत टाकायचा नव्हता," तो म्हणाला. "देवळावरून जाताना हात आपोआप गेला."

बेबाबाई मोटारीतून उतरली ती सुनंदाबाईंच्या पायांवर पडली. त्यांनी तिला उठवलं. "आधी दूध बघ, जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तोताराम कागद आणि टाक घेऊन ओट्यावर आला. फौजदारांनी साक्षीदार बाईची जबानी आणायला पाठवलं होतं. बेबाबाई कापूस निवडीत बसली होती. सुनंदाबाई वाती वळत होत्या, पहिलीपासून.

"आक्का, नाव सांगा. पूर्ण नाव," तोताराम म्हणाला.

बेबाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. तोतारामनं कपाळावर हात मारला, खाली जाऊन शेळी लांब लिंबाला बांधली, आणि परत येऊन पायरीवर बसला. मग तोही मोजू लागला. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास.