खुर्चीखालचे केस

आमचं बेसिन स्वच्छ दिसायला लागलं तेव्हा मला संशय आला. दुसरी एखादी खूश झाली असती. पण मी केस कापणारी बाई. लग्न झाल्यापासून नवऱ्याचे केस मीच कापते, बाथरूममध्ये स्टूलवर बसवून. दाढीही मीच छाटते आणि मागचा पसाराही मीच आवरते. केस बेसिनला चिकटलेले, साबणाच्या वडीत रुतलेले, नळामागे जाऊन बसलेले. हा पठ्ठ्या मान झटकतो, टॉवेल तिथेच टाकतो आणि "झकास!" म्हणत बाहेर. मग मी घर डोक्यावर घेते. का नाही घ्यायचं?

आणि आता स्टूल कोपऱ्यात धूळ खातंय, नवरा मात्र चकाचक.

"कुठे कापलेस रे?"

"ऑफिसजवळ. तुला कशाला उगाच त्रास?"

माझ्या त्रासाची काळजी, आणि ह्याला! पाणी कुठेतरी मुरत होतं.

जेवताना त्याच्या मागून पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्ताने मी त्याची मान नीट पाहिली. खालची रेघ दोन्ही टोकांना किंचित आत वळवलेली. अशी रेघ ह्या भागात फक्त मी काढते, आणि शिकवली ती एकाच पोरीला, कुरळीला. माझ्या हाताखाली शिकली आणि मागच्या गल्लीत स्वतःचं दुकान थाटून बसली. तरणी, गोडबोली, हात हलका. तिचा हात किती हलका आहे हे मीच बाई गावभर सांगत फिरले होते! अंगाचा नुसता तिळपापड झाला. डोकं माझ्या नवऱ्याचं आणि त्यात बोटं तिची!

सुट्टीच्या दिवशी तो माझ्या दुकानात डोकावून "जरा जाऊन येतो" म्हणाला. मी गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावला, "हलू नका हं, आलेच" म्हटलं आणि मागची गल्ली गाठली.

कुरळीच्या दुकानाच्या काचेतून आत पाहिलं. काय काय बघायला लागेल ह्याची तयारी करून गेले होते मी. खिदळणं, लाडात येणं, सगळं. तसलं काहीच नव्हतं. कापून झालं होतं. कुरळी पाठमोरी उभी राहून कात्र्या पुसत होती. आणि माझा नवरा झाडू घेऊन स्वतःचे केस गोळा करत होता. खुर्ची सरकवून, गुडघ्यावर बसून, पार कोपऱ्यातले.

तिने त्याचा हात धरला असता तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. झाडूचं काय करायचं? मला रडूच यायला लागलं. तशीच दार ढकलून आत गेले.

"अगंबाई, ताई!" कुरळी खुलली. "सांगा ना भाऊजींना. मी नको नको म्हणते, तरी दर वेळी झाडून जातात."

दर वेळी!

"घरी का नाही रे झाडत?" माझा आवाज चिरकला.

तो झाडू हातात धरून गोंधळून उभा. "अगं, इथे बरं दिसत नाही. परक्यांचं दुकान. घरी कसला आलाय संकोच? आणि तू ओरडतेस म्हणून तर इथे येतो."

हे त्याने इतक्या साळसूदपणे सांगितलं, की कुरळीनेच मान खाली घातली.

"बस," मी म्हटलं.

"कापून झालेत की."

"बस म्हणते ना! डावा कल्ला खाली राहिलाय."

राहिला नव्हता. पोरीने सुरेख कापले होते, मेलीने. तरी मी तिची कात्री उचलली, दोन्ही कल्ले वर घेतले आणि मानेवरची ती रेघ पुसून सरळ केली. कुरळी हळूच आतल्या खोलीत सटकली. केस पुन्हा फरशीवर पडले. मग मी गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन पायावर पाय टाकून बसले.

"आता झाड. आज मीही परकी."

त्याला गंमत वाटली. हसत हसत झाडू उचलला, खुर्चीभोवती दोन हात मारले, ढीग केला, सुपलीत भरला.

"झालं."

"खुर्ची सरकव. खाली राहिलेत."

"राहू दे गं," तो म्हणाला. "कोण बघतंय?"