गाडीतच थांबा

२००३ चा मार्च सरता सरता अमेरिकेतल्या पार्सिपनीत सार्स, म्हणजे हाँगकाँग-सिंगापूरकडून पसरत निघालेला तो जीवघेणा न्यूमोनिया, कोणालाच झाला नव्हता, पण सार्सची भीती मात्र घरोघरी शिरली होती. डॉक्टर फेल्डमन यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून फोन घेणाऱ्या शैलाला ती दिवसभर ऐकू यायची. एक बाई विचारायची, चायनीज जेवण मागवलं तर चालेल का. एका गृहस्थाला हाँगकाँगहून पार्सल आलं होतं. ते गॅरेजमध्ये ठेवून त्याने दार लावून घेतलं होतं आणि आता गाडी बाहेर कशी काढायची, हे तो शैलाला विचारत होता. ज्याला त्याला टेस्ट हवी होती. टेस्ट दवाखान्यात होतच नव्हती. नमुना घ्यायचा, काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवायचं, नमुना सरकारी लॅबला जायचा आणि आपण वाट बघत बसायचं. हे शैला दिवसातून चाळीस वेळा सांगायची, आणि दर वेळी गोड आवाजात सांगायची.

आवाज गोड होता, पोटात मात्र जाळ होता. तो का, ते आधी सांगितलं पाहिजे.

तिचा नवरा गुरुनाथ कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे सिंगापूरला जाऊन आला आणि आल्यावर तिसऱ्या दिवशी तापला. फेल्डमननीच नमुना घेतला, काउंटीला कळवलं आणि सगळ्या घरालाच दहा दिवस बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. ताप चार दिवसांत उतरला. साधा फ्लू असणार, असं डॉक्टर म्हणत होते, पण एकवीस दिवसांनी दुसरं रक्त घेतल्याशिवाय तसं लिहून द्यायला कोणी तयार नव्हतं. घरातलं दूध संपलं तेव्हा शैलाने यामिनीला फोन केला. यामिनी मराठी मंडळाची सेक्रेटरी, तीन वर्षांची मैत्रीण. "कुणाला बोलू नकोस," शैला म्हणाली, "फक्त दूध आणि थोडी भाजी दाराशी ठेवून जा."

यामिनीने दूध ठेवलं नाही. तिने मंडळाच्या साडेतीनशे सभासदांना ई-मेल पाठवली. 'आपल्यातल्या एका कुटुंबात सार्सचा संशयित रुग्ण आहे. पती नुकतेच सिंगापूरहून परतले असून पत्नी दवाखान्यात नोकरी करतात. सर्वांनी योग्य ती काळजी घ्यावी.' नाव लिहिलं नव्हतं, हा तिचा सभ्यपणा. पार्सिपनीत दवाखान्यात नोकरी करणारी मराठी बाई एकच होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी शैलाने गिळलं असतं. पण पाडव्याच्या कार्यक्रमात मुलांचं नाटक यामिनीच बसवत होती आणि त्यात शैलाच्या नेत्राला राणीचं काम होतं. अकरा वर्षांच्या त्या पोरीने अमेरिकन जिभेने ते सगळं मराठी दोन महिने घोकलं होतं. यामिनीने शैलाशी एक शब्द न बोलता फोनवर मुलीलाच मागून घेतलं आणि सांगून टाकलं.

"आई, यामिनी मावशी सेड द अदर पेरेंट्स डोन्ट वॉन्ट मी देअर," नेत्रा म्हणाली, आणि टीव्ही लावून बसली. शैलाला वाटलं, पोरगी रडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी शैलाने डूख धरला. यामिनीने माफी मागितली पाहिजे, आणि तीही एकांतात नाही, चार लोकांसमोर. त्याआधी दाराबाहेर ताटकळत राहणं म्हणजे काय, हे तिला एकदा कळलं पाहिजे. रात्री भांडी लावताना, सकाळी डबा भरताना शैला हेच मनात घोळवायची. गुरुनाथ म्हणायचा, सोडून दे गं. सोडून द्यायला ती काही संत नव्हती.

आणि तीन एप्रिलला, गुरुवारी सकाळी, काउंटरवरचा फोन वाजला. यामिनीच होती.

"शैला, ऐक ना, एक अर्जंट काम आहे. माझे सासरे आलेत ना, त्यांना खोकला आहे, दम लागतोय, थोडं टेंपरेचर पण वाटतंय. आज अपॉइंटमेंट दे ना प्लीज."

मधल्या तीन आठवड्यांचं यामिनीला जणू काही आठवतच नव्हतं. शैलाने पेन उचललं. "दम लागतोय तर इमर्जन्सीला का नेत नाहीस?"

"अगं, त्यांची व्हिजिटर इन्शुरन्स पॉलिसी काही कव्हर करत नाही, आणि तिथे हल्ली सहा-सहा तास बसवून ठेवतात. तू आहेस म्हणून फोन केला यार."

आपल्या लोकांची ही जुनी खोड. आईवडील भारतातून आले की इमर्जन्सी रूमचं नाव काढायचं नाही, ओळखीचा दवाखाना शोधायचा. तीन आठवडे ओळख दाखवली नव्हती ती गोष्ट वेगळी.

"कुठून आले? मध्ये कुठे थांबले होते का? फॉर्मवर लिहावं लागतं."

"मुंबई, लंडन, न्यूअर्क. कुठे नाही थांबले."

शैलाने लंडन लिहिलं आणि दोनची वेळ दिली.

दवाखान्याचा त्या दिवसांतला नियम सोपा होता. खोकला किंवा ताप असलेल्याने आत यायचं नाही. काउंटरवरच्या बाईने मास्क लावून गाडीपाशी जायचं, चार प्रश्न विचारायचे आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. मग डॉक्टर पेशंटला मागच्या दाराने शेवटच्या खोलीत घेणार.

दोन वाजता शैला बाहेर गेली. यामिनी स्टीअरिंगवर होती. शेजारी तिचे सासरे, दिगंबरकाका, लोकरीची टोपी घालून बसले होते. नागपूरच्या जिल्हा कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला हा सडपातळ माणूस गाडीत बसूनही कोणी मोठं आल्यासारखा सावरून बसला. एक वाक्य बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागत होतं.

"काका, प्रवास कसा झाला?" शैलाने विचारलं.

"लांबचा... पण मध्ये सिंगापूरला मुलीकडे आठ दिवस राहिलो. तेवढाच आराम... मग पुढे सलग बसून. पाय अगदी भरून आले."

यामिनी समोरच्या काचेकडे बघत राहिली. शैलाला जो आनंद झाला तो कबूल करायला लाज वाटावी असा होता, पण झाला खरा.

"तू मला लंडन सांगितलंस."

यामिनी गाडीतून उतरून जवळ आली. "शैला, प्लीज. परवा प्रोग्रॅम आहे. हे बाहेर गेलं तर सगळं कॅन्सल होईल. लोक काय म्हणतील, तुला माहितीये ना."

"मला चांगलं माहितीये," शैला म्हणाली. "गाडीतच थांबा. मी आत सांगते."

आत डॉक्टर फेल्डमन रिकामे होते. भीतीपोटी अर्ध्या पेशंटांनी वेळा रद्द केल्या होत्या. काउंटरला टेकून ते सँडविच खात होते आणि आपल्या मुलीने घरात आणलेल्या सशाच्या करामती सांगत होते. शैलाने नुसतं तोंड उघडायचं होतं. ती म्हणाली, सशाला गाजर खरंच आवडतं का. पंधरा मिनिटं, तिने मनाशी ठरवलं. फक्त पंधरा मिनिटं यामिनीला तिथे उभं ठेवायचं, मग सांगायचं.

दोन वीसला यामिनी काचेच्या दारापाशी आली. शैलाने दार बोटभर उघडलं.

"डॉक्टर बिझी आहेत. मी सांगितलंय त्यांना."

पंधरा मिनिटं झाली होती, पण पुरली नव्हती. यामिनीचा चेहरा अजून नुसता काळजीचा होता, शैलाला त्यावर लाचारी हवी होती. दोन चाळीसला ती पुन्हा आली. "अगं, त्यांना जास्तच धाप लागतेय."

"सगळ्यांनाच थांबावं लागतं यामिनी. आम्ही दहा दिवस थांबलो. दूध पण नव्हतं घरात."

यामिनीने खाली बघितलं. काहीतरी बोलायला तिचे ओठ हलले, पण ती तशीच परत गेली. शैलाला वाटलं, आता आणखी थोडंच. पुढच्या खेपेला ही माफी मागणार.

ती खुर्चीत येऊन बसली. डॉक्टर दुसरं सँडविच उघडत होते. खिडकीतून गाडी सरळ समोर दिसत होती. दिगंबरकाकांनी हात वर केला, हळूहळू, बोलावल्यासारखा. त्यांची नजर शैलावरच होती. शैलाने हात लांब करून खिडकीचा पडदा खाली ओढला आणि फाइली लावायला घेतल्या.

तीनला पाच मिनिटं कमी असताना गाडीचा हॉर्न वाजला तो थांबेचना. यामिनीने त्यावर तळहात दाबून धरला होता. फेल्डमन बाहेर धावले, त्यांच्यामागे शैला. काकांचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी नखं बघितली, पँट वर सरकवली. डावी पोटरी उजवीच्या दीडपट सुजली होती.

"किती वेळ झाला यांना येऊन?" त्यांनी विचारलं.

यामिनी हुंदके देत होती, तिला ऐकूच गेलं नाही. "आत्ताच आले," शैला म्हणाली.

अ‍ॅम्ब्युलन्स चार मिनिटांत आली, पण सिंगापूर शब्द कानावर पडताच तिच्यातली माणसं थबकली. गाऊन, मास्क, चष्मे, दोन-दोन हातमोजे, हे सगळं अंगावर चढवण्यात आणखी वेळ गेला. शैला पार्किंगमध्ये उभी राहून एकेक बंद बांधला जाताना बघत होती. मनातल्या मनात ती देवाला सांगत होती की यांना काही होऊ देऊ नकोस, आणि तोंड वर करून सांगायची आपली लायकी नाही, हेही तिला कळत होतं.

सार्सबिर्स काही नव्हतं. तासन् तास विमानात बसून पायात रक्ताची गुठळी झाली होती आणि ती फुप्फुसात जाऊन अडकली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर गेलेच असते, असं हॉस्पिटलने सांगितलं. काका वाचले. पाडव्याचा कार्यक्रम यामिनीशिवाय झाला, आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणे. त्याच आठवड्यात गुरुनाथचा रिपोर्ट आला. साधा फ्लू.

पुढच्या बुधवारी यामिनीने फोन करून शैलाला हॉस्पिटलमध्ये बोलावून घेतलं. काकांच्या खोलीबाहेर मंडळाची पाच-सहा माणसं उभी होती, अध्यक्ष विवेक होता, त्याची बायको होती. यामिनी सरळ पुढे आली आणि तिने सगळ्यांसमोर शैलाचे दोन्ही हात धरले.

"मी तुझ्याशी फार वाईट वागले," ती म्हणाली. "ती ई-मेल पाठवायला नको होती. नेत्राला तसं बोलायला नको होतं. मी खोटं बोलले, तरी तू वेळ दिलीस, सारखी आत सांगत राहिलीस, धावत बाहेर आलीस. मला माफ कर."

रात्रंदिवस घोळवलेले शब्द, जवळजवळ तसेच, चार लोकांसमोर. शैलाने मान हलवली. हात सोडवून घ्यावेत असं तिला वाटत होतं, पण यामिनीने ते घट्ट धरले होते.

"बाबांना तुला भेटायचंय," यामिनी म्हणाली. "एकटीलाच आत पाठव म्हणाले."

दिगंबरकाका उशांना टेकून बसले होते. टोपी नव्हती, त्यामुळे आणखी लहान दिसत होते. त्यांनी तिला दार लोटायला सांगितलं, खुर्ची दाखवली.

"तुमच्या खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं," ते शांतपणे म्हणाले. "डॉक्टर उभ्याने काहीतरी खात होते. तुम्ही त्यांच्याशी बोलत होता, हसत होता. मी हात केला. तुम्ही पाहिलंत. मग पडदा खाली आला."

काकांनी पाठीमागची उशी सारखी केली.

"सुनेने तुमच्या मुलीला काय केलं ते मला इथे आल्यावर कळलं. वाईट केलं. पण मी तुमचं काय केलं होतं?"

"काका, माझं चुकलं." ती उठली. "मी बाहेर जाऊन सांगते यामिनीला. सगळ्यांना सांगते. आत्ता सांगते."

"नाही सांगायचं."

ते दम घ्यायला थांबले. रागावल्यासारखे दिसत नव्हते. एखाद्या अर्जावर शेरा मारावा तसं सावकाश बोलत होते.

"पस्तीस वर्षं कोर्टात काढली मी. शिक्षेचा का होईना, निकाल ऐकला की आरोपीचा चेहरा सैल पडतो, हे रोज बघितलंय. तुम्ही सांगाल, ती चिडेल, महिनाभर बोलणार नाही. मग एक दिवस दोघी गळ्यात पडून रडाल आणि मोकळ्या व्हाल. मला तुम्हाला मोकळं करायचं नाही. तुम्ही सांगितलंत तर मी म्हणेन, तसं काही झालं नाही, बाई उगाच मनाला लावून घेतेय. लोक तुम्हाला आणखी चांगलं म्हणतील."

"काका..."

"सप्टेंबरपर्यंत मी इथे आहे. रक्त पातळ राहायची गोळी दिलीये. दर आठवड्याला तपासावं लागणार, आणि ते तुमच्याच दवाखान्यात. दर गुरुवारी दोन वाजता येईन. तुम्ही नमस्कार करायचा, मीही करीन."

दार उघडलं. यामिनी आत आली, तिच्यामागे विवेक आणि बाकीची मंडळी. यामिनीने शैलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, हीच शैला. हिच्यामुळे वाचलात तुम्ही."

"हो," दिगंबरकाका म्हणाले आणि त्यांनी शैलाकडे बघून हात जोडले. "मी त्यांना तेच सांगत होतो."