पट्ट्यासकट वजन

मार्गासनीच्या पुढे ओढ्यावर ताणलेल्या झिपलाईनच्या शेडमध्ये अकरा पट्टे टांगलेले होते. त्यांतले सात मोठ्या मापाचे, यंदाच आणलेले. जुने चार आता फक्त पोरांच्या कमरेला पुरत. शेजारी वजनकाटा होता आणि त्यावर पाटी: पट्ट्यासकट पंचाण्णव किलोपर्यंतच.

रोज सकाळी तार तपासायला पहिली फेरी इरफान मारायचा. त्यासाठीच त्याला ठेवलं होतं. पण गेले तीन आठवडे तो काट्याला वळसा घालून जात होता, आणि आज मालकीण रत्नाताई काट्यापाशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"काल त्या पुण्याच्या सायबाला जाडा म्हणून परत धाडलंस," त्या म्हणाल्या. "आज तू उभा ऱ्हा."

"माझं कशाला, ताई? मी तर रोज जातोय."

"रोज आपल्या टपरीवरची भजी बी खातोयस. वजन जास्त भरलं तर उद्यापासून तीच तळायला बस. तितं काटा न्हाई."

इरफानने बूट काढले, मोबाईल ठेवला, खिशातल्या किल्ल्याही काढल्या आणि काट्यावर चढला. आकडे थरथरत त्र्याण्णव किलो आठशेवर थांबले. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

"बघा."

"पावण्यांना असंच मोजतोस व्हय?" रत्नाताईंनी खुंटीवरचा मोठा पट्टा काढून त्याच्या हातात दिला.

पट्टा आवळताना इरफानने पोट आत ओढलं, आणि काट्यावर उभं राहिल्यावरही ते तसंच धरून ठेवलं. आकडे पुन्हा थरथरले.

शहाण्णव किलो शंभर ग्रॅम.