डोळ्यातलं आग्यामोहोळ

बेडसे लेण्यांच्या कड्याला आग्यामोहोळं लटकतात. माश्या उठल्या तर पळायचं नाही, घोंगडी घेऊन जमिनीला चिकटायचं, हे आमच्या शेरडांनाही ठाऊक. त्या दुपारी डोळ्यांपुढं काळ्या ठिपक्यांचा थवा भिरभिरला, तसा मी ओरडून आडवा झालो. गवत कापणारी माझी बायको सरूही आडवी झाली, आणि लेणी बघायला आलेली पुण्याची मंडळीसुद्धा.

बराच वेळ गेला. गुणगुण काही ऐकू येईना. पाहुणे कपडे झटकत निघून गेले. सरू उठून बसली.

"कुटं हायत माश्या? गेल्या साली बिबट्याला बिडी पाजलीत, आता ह्ये."

पण डावा डोळा मिटला की थवा गायब, उजवा मिटला की हजर. पुन्हा घोंगडीत शिरलो, तर त्या अंधारात डोळ्याच्या कोपऱ्याला वीज चमकली. सरूला सांगावं तर तिला माझी आणखी एक थापच वाटणार. म्हणून गप्प बसलो. मला गप्प बसलेलं तिनं लग्नापासून पाहिलं नव्हतं. ती उठली आणि थेट जीप बोलवून आली.

लोणावळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टर अरुंधतीबाई म्हणाल्या, हे फ्लोटर. सरूनं विचारलं, नातू पायात घालतो त्ये? बाई हसल्या नाहीत. वयानं डोळ्यातला गर पातळ होतो, त्यातल्या गुठळ्यांची सावली तरंगते, बहुतेकांना त्याचं काही होत नाही, म्हणाल्या. पण एकदम थवा आणि वीज म्हणजे मागचा पडदा फाटल्याची भीती.

थेंब घालून तपासलं. फाटलाच होता.

"आणखी पडून राहिला असतात आबा, तर पडदा सुटला असता. डोळा गेला असता."

लेझरनं फाटकी कड बसवली. ठिपके राहतील, पण पुन्हा थवा उठला किंवा काळी सावली आली तर तडक यायचं, असं बजावलं.

परतताना कामशेत येईस्तोवर सरू माझं तोंड न्याहाळत होती. शेवटी तिनं बोटं पुढं धरली. "किती?"

"सात."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. जीपवाल्याचा खांदा हलवून तिनं गाडी वळवायला सांगितली.

"तीन गं, तीन," मी घाईघाईनं म्हणालो.

घर येईपर्यंत ती तोंड फिरवून बसली. माझा हात मात्र तिनं सोडला नाही.