चिकटलेलं पान

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो, गाड्यांच्या ब्रेकबद्दलचं. माझ्यात गाणी-गोष्टी नाहीत, तेव्हा जांभई आली तर खुशाल द्या. वडशाच्या बशीरभाऊंनी मला लिहिलं. ते मोटारींचे इंजिनिअर. परगावच्या कारखान्यात नोकरी करून परतल्यावर इथल्या मिस्त्रींसाठी त्यांनी सोप्या मराठीत चार पुस्तकं लिहिली. मी त्यांतलं दुसरं.

हेमराज मिस्त्रीच्या गॅरेजात मी वीस वर्षं काढली. आधी तो मला रोज उघडायचा, माझी पानं ग्रीसने माखायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. पुढे त्याचा हात बसला आणि माझी रवानगी फळीवर झाली. दसऱ्याला मात्र तो पान्यांशेजारी मला उघडं मांडायचा, दरवर्षी त्याच दोन पानांवर ओलं हळदकुंकू वाहायचा, पाया पडायचा आणि मिटून ठेवायचा. ती पानं एकमेकांना घट्ट चिकटली.

यंदाच्या हिवाळ्यात एका नाटक मंडळीची गाडी ब्रेकच्या कामाला आली. प्रयोग त्याच रात्री धानोऱ्याकडे, आणि त्या दिवशी बाजार बंद. ब्रेकचं तेल अडवणारं नवं रबर मिळेना. जुनंच धुवून बसवायचं ठरलं. कशात धुवायचं ते पाहायला हेमराजने मला काढलं. तेहतिसाव्या पानानंतर त्याला छत्तिसावंच दिसलं. मग त्याने इतर सामानासारखं रबरही डिझेलमध्ये धुतलं. ते फुगलं. वाटेत ब्रेक लागले नाहीत, गाडी झाडावर गेली. नंदिनी नावाची नटी जागीच गेली.

बशीरभाऊ धावत आले.

"भाऊ, म्या तुमचं पुस्तक पाहूनच काम केलं," हेमराज म्हणाला. "रबर कायात धुवाचं, ते त्यात नाई."

माझ्यात ते होतं. पण मला तोंड कुठे आहे?

बशीरभाऊंकडे माझी एकही प्रत उरली नव्हती. लिहायचं आपल्याकडूनच राहिलं, असं त्यांनी धरलं. पाचवं पुस्तक अर्ध्यावर सोडलं, जेवण सुटलं. दोन महिन्यांनी ते पुन्हा आले आणि त्यांनी मला मागून घेतलं. चाळता चाळता जाड पान बोटाला लागलं. त्यांनी ब्लेडने ते हळूच सोडवलं. कुंकवाखाली अक्षरं होती : 'रबर डिझेलमध्ये कधीही धुऊ नये.'

हेमराजने ती ओळ बोट ठेवून वाचली.

"लिवलं तर होतं," बशीरभाऊ म्हणाले. "पन त्या पोरीले आता कोन आनून देईन?"

मित्रांनो, माझ्या पाया पडू नका. मला उघडा, मळवा, फाडलंत तरी चालेल. पण वाचा.