घरटी वाटा

दिवाळीचं तेल पणतीत वाळतंय न वाळतंय तोच मुकादमाचा टेम्पो येतो आणि एका सकाळीत अख्खी कातकरवाडी रिकामी होते. भांडीकुंडी चढतात, कोंबड्या चढतात, पोरंबाळं चढतात, कुणाकुणाचं कुत्रंही उडी मारून बसतं. मागं उरतात कुडाची घरं, आणि वीटभट्टीवर ज्यांना कुणी फुकटही उभं करणार नाही अशी थकलेली माणसं. यंदा तर माणसं दोनच उरली. एक कोंडिबा, ठार बहिरा. दुसरी तुळजाबाई वाघमारे. आता हिला थकलेली म्हणाल तर ती तुमच्या अंगावर धावून येईल.

ती हट्टानं राहिली होती, आणि हट्ट होता शेडचा. मुळशीच्या धरणाच्या पाण्याकडेला असलेल्या या वाडीत एका संस्थेनं पत्र्याची शेड उभारून दिली होती. आत गुळवेलीचे तुकडे करायचं मशीन आणि ते वाळवायचा ड्रायर. गुळवेल रानात हवी तेवढी, औषधवाले ती मागतात, तर वाडीच्या दहा घरांनी ती तोडावी, वाळवावी, विकावी आणि विटा थापायला घरदार सोडून जाऊ नये, असा सगळा बेत. संस्थेची क्षितिजा भूगावहून स्कूटरवर यायची. पोरगी मनानं चांगली. तिनं सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "शिमग्यापर्यंत दहाही घरांचं काम दिसलं तर शेड कायमची तुमची. नाही दिसलं तर मशीन दुसऱ्या वाडीला जाईल. ते माझ्या हातात नाही."

लोकांनी माना डोलावल्या आणि दिवाळी झाल्यावर टेम्पोत जाऊन बसले. नावं ठेवणं सोपं असतं हो. मुकादमाची आगाऊ उचल भर पावसात घरात आलेली आणि खाऊन संपलेली. शेडचे पैसे मिळणार शिमग्याला, एकदम. पोट काय शिमग्याची वाट बघत बसतं?

तुळजाबाईचा राजूही निघाला. त्याची बायको उषा पोरीला कडेवर घेऊन आधीच टेम्पोत बसली होती.

"आये, चल की. एकटी काय करनारैस हितं?"

"शेड राखती."

"शेडला काय पाय फुटल्यात व्हय?"

"त्ये ऱ्हाऊ दे. शेड ऱ्हायली तर फुडल्या साली जाशील का भट्टीवर?"

राजू हसला. "ऱ्हायली तर कशाला जाईन? पन असलं काय ऱ्हात न्हाई गं आपल्यात."

तुळजाबाईनं त्यातलं पहिलं वाक्य घट्ट धरलं आणि दुसरं सोडून दिलं. आईचे कान तसेच असतात.

मारुंजीच्या पलीकडची ती भट्टी म्हणजे काही परमुलूख नव्हे. बदलत्या गाड्यांनी निम्म्या दिवसाची वाट. पण भट्टीवर गेलेलं माणूस हंगाम संपेपर्यंत सुटत नाही, मग ते मारुंजीला असो नाहीतर मंगळावर.

पहिले काही दिवस तिला बरं वाटलं. मग वाडी तिला खायला उठली. शेजारच्या चंद्राबाईशी तिचं पाण्यावरून रोजचं भांडण. आता हंडा भरायला कितीही वेळ लावा, कुणी तिचे आईबाप काढत नव्हतं. एकदा तर ती मुद्दाम चंद्राबाईच्या बंद दारासमोर उभी राहून, "ये की गं भवाने, भांडायला ये," असं म्हणाली आणि तिथंच तिला रडू आलं. संध्याकाळी ती कोंडिबापुढं भाताची ताटली ठेवायची आणि दिवसभरातलं सगळं त्याला सांगायची. तो तोंडाकडं बघून "व्हय व्हय" करायचा. बैलापुढं पोथी वाचल्यागत होतं ते. पण वाचणाऱ्याला तेवढाच आधार.

दिवसभर मात्र ती रानात असायची. कमरेच्या आकडीत कोयता अडकवायचा, ऐन-किंजळाच्या झाडांवर चढलेली वेल बघायची, बुडातली हातभर राखून वरची तोडायची. बुडखा राखला की वेल पुन्हा फुटते. मग भारा डोक्यावर घेऊन शेडवर यायचं, मशीनला तुकडे करायचे, ड्रायरमध्ये पसरायचे. दोन माणसांचं काम ती एकटी ओढत होती.

आता या वाडीची एक रीत सांगायला हवी. धरणात जाळं ओढलं, मासळी निघाली, की घरटी वाटा पडतो. ओढायला कोण आलं, कोण नाही, हे कुणी विचारत नाही. जो परगावी असेल त्याचाही वाटा पडतो, आणि तो शेजारी राखून ठेवतात. एकट्यानं सगळं उचलून घरी न्यायचं ही गोष्ट वाडीत चोरीहून वाईट. पोरांना हे शिकवावं लागत नाही, बघून बघूनच कळतं.

तर पहिल्या वजनाच्या दिवशी तुळजाबाईनं शेडमध्ये ताडपत्री अंथरली आणि महिनाभराचा वाळला माल काढला. शेड दहा घरांची, म्हणजे माल दहा घरांचा. तिनं हातानं सारखे दहा वाटे पाडले. हा चंद्राबाईचा, हा कोंडिबाचा, हा राजूचा. मनात काळंबेरं काही नव्हतं. दुसरी तऱ्हा तिला सुचलीच नसती.

क्षितिजा काटा घेऊन आली आणि दारातच थांबली. "अय्या, दहाही घरांचा माल? मावशी, मला तर वाटलं होतं सगळे भट्टीवर गेले!"

तुळजाबाई ताडपत्रीची कड सरळ करू लागली.

"कुठं आहेत सगळे?"

एवढं बोलायला हवं होतं की बाई, मी एकटीच हाय. शब्द जिभेवर आलेही. पण त्या पोरीचा चेहरा असा फुलला होता, आणि राजूचं ते वाक्य कानात असं घुमत होतं, की तुळजाबाईच्या तोंडून निघालं, "रानात गेल्याती."

मग काय, एका खोट्याला दहा टेकू. दुसऱ्या वजनालाही दहा वाटे, तिसऱ्यालाही. "बाया पाण्याव गेल्यात." "बाप्ये मासळीला गेल्यात." क्षितिजाला घाई असायची, ती वजन करून जायची. तुळजाबाई तिच्या पाठीमागं पदरानं तोंड पुसायची. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण लेकरासाठी बोलतो ते खोटं देव धरत नाही, अशी तिनं स्वतःची समजूत काढली.

टेपाडावर चढलं की फोनला रेंज मिळायची. तिथून ती राजूला सांगायची, "शेड ऱ्हातीया रं. बाई लई खूश हाय."

"बरं," राजू म्हणायचा. मागं विटांचा आणि माणसांचा कालवा असायचा. "पोर झोपलीया. ठेवतो." तेवढ्यावर तिचे चार दिवस निघायचे.

शिमगा आठ दिवसांवर आला तेव्हा क्षितिजा आली ती टेम्पो घेऊनच. काटा आणला नव्हता. ती शेडच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ स्कूटरची नसलेली किल्ली शोधत असल्यासारखी पर्समध्ये बघत राहिली.

"मावशी, ऑफिसनं ठरवलंय. शेड हलवायची."

"का? धा घरांचं काम दिसलं की!"

"दिसलं ना. तेच तर झालं." क्षितिजाचा आवाज बारीक झाला. "दहा घरांनी मिळून चार महिन्यांत एवढाच माल काढला. ते म्हणाले, एका घराच्या वाट्याला जे येतं त्यात आठवडाभराचा तांदूळ येणार नाही. म्हणजे एकतर इथल्या रानात वेल नाही, नाहीतर माणसांना कामाची ओढ नाही. मी खूप भांडले, मावशी. पण आकड्यापुढं काय बोलू?"

तुळजाबाईला आधी उमजेना. मग उमजलं. तिनं दहा घरं उभी केली होती, आणि त्या दहा घरांनीच तिची शेड खाल्ली होती.

"बाई," ती म्हणाली, "त्यो माल धा घरांचा न्हाई. माझ्या एकटीचा हाय."

"म्हणजे?"

"वाडीत कुनीच न्हाई. मी आनि त्यो बहिरा म्हातारा. मीच तोडली, मीच वाळवली. वाटं पाडलं ते आमची रीत म्हनून. मंग तुमी खूश झाला, आनि मला खरं बोलवंना. चुकलं माझं."

क्षितिजानं तिच्या हातांकडं पाहिलं. कोयत्यानं चिरलेले, वेलीच्या चिकानं काळे पडलेले हात. पोरगी रडायलाच लागली. "एकटीनं एवढं? मावशी, अहो मग दहा माणसांना इथं बारा महिने पुरेल एवढं काम आहे!"

"आता सांगा की ऑफिसला तसं!"

"सांगीन. ते विचारतील, दहा माणसं कुठं आहेत?"

तुळजाबाईनं रिकाम्या वाडीकडं पाहिलं.

क्षितिजानं डोळे पुसले आणि तिचा हात धरला. "मावशी, तुम्ही आमच्याबरोबर चला. नवी शेड पार लवासाच्या पलीकडं होतेय. तिथं शिकवायला माणूस हवंच आहे. महिन्याचा पगार, राहायला खोली. या मालाचे सगळे पैसेही तुमचेच. मी लगेच फोन करते."

पगार! जन्मात तिच्या घराण्यात कुणाला मिळाला नव्हता. माणसांची गजबज, कुणीतरी हाक मारणारं. नाही कशाला म्हणा, तिला जावंसं वाटलं. "राजूला इचारती," ती म्हणाली आणि टेपाडावर चढली.

राजूनं सगळं ऐकून घेतलं आणि किती महिन्यांनी तो मोकळा हसला. "आये, लई ब्येस झालं बघ! जा तू. माझ्या जिवाला किती घोर व्हता तुझा. भट्टीचा शेठ कवाधरनं म्हनतोय, हितंच खोली घे, बारा म्हैने ऱ्हा. तू वाडीव एकली म्हनून मी न्हाई म्हनत व्हतो. आता काय, पावसाळ्याला तरी तितं यायचं कशाला?"

तुळजाबाईला आता कुठं कळलं. शेडसाठी नव्हे, गुळवेलीसाठी नव्हे. पोरगा वाडीवर परत येणार होता तो ती इथं होती म्हणून.

"राजू," ती म्हणाली, "न्हाई जात मी."

"आं? आगं, आता तर म्हनलीस..."

"घर गळतंया. पावसाच्या आत शाकारायला ये. उषाला आन, पोरीला आन. मी हितंच हाय."

"आये, यडी का काय तू! तितं ना शेड ना काम..."

"मी हाय की." आणि तिनं फोन ठेवला.

खाली येऊन तिनं क्षितिजाला नको म्हणून सांगितलं. क्षितिजा परोपरीनं समजावत राहिली. काम नाही, माणूस नाही, राहून करणार काय? तुळजाबाई एवढंच म्हणाली, "मी गेली तर माझं पोर कुटं यील, बाई?"

दुपार कलली तसा टेम्पोवाला खोळंबून कावला. ड्रायर चढवायचा होता आणि तो जड. तो आणि क्षितिजा दोघं मिळून झटले, तरी जागचा हलेना. "वाडीत कुणी गडीमाणूस नाही का हो?" तो ओरडला.

तुळजाबाईनं पदर खोचला, ड्रायरच्या खाली हात घातला आणि म्हणाली, "उचला."