जावईबापूंची पसंती

आमच्या ह्यांना, म्हणजे परतूरच्या बियाणेवाल्या काकासाहेबांना, एकच शौक. तबला ऐकायचा. दुकान पोराच्या हवाली केलं आणि ह्यांनी वरच्या खोलीत होम थिएटरचे भारी स्पीकर आणून उभे केले. कमरेएवढे उंच, लाकडी. माझ्या साड्यांकडे कधी ढुंकून पाहिलं नाही, पण हे स्पीकर रोज स्वतःच्या हातानं पुसायचे.

अ‍ॅम्प्लिफायर तेवढा राहिला होता. "ह्या स्पीकरला दमाचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो," हे मला समजावायचे. "लहान लावला अन् आवाज वाढवत गेलं, तं स्पीकर जळतेत." किती महिने वाचून, विचारून ह्यांनी एक पक्का केला होता. मागवायचंच काय ते बाकी होतं.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. लेक अर्पिता आणि जावई हरिओमराव आले. जावई लाख माणूस. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरणार, टोपल्यातली भाकरी हातानं घेणार आणि वर "मामी, आज मीठ इसरल्या का?" म्हणून मला चिडवणार. त्यांना पाटावर बसवलं, पाय धुतले, ओवाळलं. जेवणं रंगात आली आणि हे बोलून गेले, "जावईबापू, अ‍ॅम्प्लिफायर आता तुमच्याच पसंतीचा!"

अहो, बोलायची एक पद्धत असते. पण हरिओमराव सरळ माणूस. त्यांनी ताटावरून उठल्याबरोबर मोबाइलवर मागवला, तोही स्वतःच्या खर्चानं. ते इथं असतानाच खोकं आलं. चपटा, देखणा, निळा दिवा लागणारा, पण दमानं लहान. ह्यांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला.

हरिओमरावांनी वायरी जोडल्या. "मामा, बराबर हाये ना? मला ह्यातलं लई कळत न्हाई. जमत नसंल तं सांगा, वापस करता येतो."

"बिलकुल बराबर!" हे म्हणाले.

ते गेल्यावर मी ह्यांच्या मागेच लागले. "फोन करून सांगा की."

"येडी का काय तू? ज्याचे पाय धुतले त्याला म्हणू, तुमची पसंत चुकली?"

"ते स्वतःच म्हणले ना, सांगा म्हणून."

"म्हणतेत. म्हणायची पद्धत असती."

माझं डोकं फिरलं होतं, पण मीही फोन उचलला नाही. आवाज भरत नव्हता, म्हणून हे बटण पुढे पुढे नेत राहिले. अ‍ॅम्प्लिफायर धापा टाकायचा, आवाज फाटायचा. काय होणार ते ह्यांना पाठ होतं, आणि तेच झालं. दोन्ही स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग जळला. हरिओमरावांचा फोन आला की हे सांगायचे, "एक नंबर वाजून राह्यला."

दिवाळीला हरिओमरावांनी हौसेनं तबला लावला आणि थोड्या वेळानं स्पीकरला कान लावला. "मामा, आवाज गोधडीतून आल्यावानी काहून येऊन राह्यला?"

ह्यांना खोटं सुचेना. "जळले, जावईबापू. कवाच."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमचा मान..."

"मी इचारलं व्हतं, मामा." हरिओमराव हळूच म्हणाले. "तुमच्या पोरानं आणला असता तं दोन शिव्या घालून वापस धाडला असता. मला एक शिवी द्यायची व्हती की. मला वाटायचं, मी ह्या घरचा झालो."

स्पीकर गेले तेव्हा हे रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

संक्रांतीला दोघं पुन्हा आले. हरिओमरावांनी वाकून नमस्कार केला आणि सोफ्यावर बसले. स्वयंपाकघराकडे फिरकले नाहीत. वाढेपर्यंत ताटाला हात लावला नाही. मी त्या दिवशी मुद्दाम वांग्याच्या भाजीत मीठच घातलं नव्हतं. वाढलं आणि दाराआड उभी राहिले. आता चिडवतील, मग चिडवतील.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. हरिओमराव खाली मान घालून जेवत होते.

"भाजी कशी झाली, जावईबापू?" मी विचारलं.

"बिलकुल बराबर, मामी."